उभी राहते, गात नाही

प्रश्न : माझी मुलगी सातवीत आहे. आम्ही यहोवाचे साक्षीदार, म्हणजे ख्रिस्ती धर्मातल्या एका पंथाचे. परिपाठाला राष्ट्रगीत सुरू झालं की ती सावधान उभी राहते, पण गात नाही. आमची श्रद्धा तशी आहे. गेल्या आठवड्यात मुख्याध्यापकांनी बोलावून ‘गायचं नसेल तर दाखला काढून न्या’ म्हणत अर्ज हातात दिला. आता मुली तिच्याशेजारी डबा खायलाही बसत नाहीत. गावात आमची चारच घरं. काय करू? – एक पालक, सांगली जिल्हा

उत्तर : दादा, तो अर्ज भरू नका. एकदा सही झाली की ‘पालकांनी स्वखुशीने दाखला नेला’ अशी नोंद होते आणि मग शाळेनेच काढलं हे सिद्ध करताना नाकी नऊ येतात. माझ्या वकिलीत अशा दोन कुटुंबांचं नुकसान मी पाहिलंय. काढायचंच असेल तर कारणासह लेखी द्या म्हणावं. ते कोणी देत नाही.

तुमच्या मुलीचीच गोष्ट ४० वर्षांपूर्वी केरळात घडली आहे. एकाच घरातली तीन भावंडं, दहावी, नववी आणि पाचवीतली, राष्ट्रगीताला आदराने उभी राहायची, गात नसत. शाळेला त्याचं काही वाटत नव्हतं. मग एका आमदारांनी विधानसभेत विषय काढला, चौकशी बसली. मुलांनी राष्ट्रगीताचा अनादर केलेला नाही, असाच अहवाल आला. तरी २६ जुलै १९८५ ला तिघांना काढलं. उच्च न्यायालयात दोनदा हरले. ११ ऑगस्ट १९८६ ला सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती ओ. चिनप्पा रेड्डी आणि एम. एम. दत्त यांनी मुलांना परत घ्या, असा आदेश दिला. मी तेव्हा वकिलीच्या शेवटच्या वर्षाला होते. ते निकालपत्र लायब्ररीत बसून हाताने उतरवून घेतलं होतं, ती वही अजून आहे. राष्ट्रगीत गायलाच हवं अशी सक्ती कोणत्याही कायद्यात नाही, आदराने उभं राहणं हा अनादर नाही, आणि राज्यघटनेतलं कलम १९ (अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य) व २५ (श्रद्धेचं स्वातंत्र्य) गप्प राहणाऱ्यालाही लागू आहेत, हे त्यातलं मुख्य. राष्ट्रीय प्रतीकांचा अवमान रोखणाऱ्या १९७१ च्या कायद्यात गुन्हा आहे तो मुद्दाम गाऊ न देण्याचा किंवा गाण्यात व्यत्यय आणण्याचा. तुमची मुलगी यातलं काय करते?

आपल्याकडेही नाशिकचे एक शिक्षक शाळेच्या प्रार्थनेला उभे राहायचे, पण हात जोडत नसत. त्यांची वेतनवाढ अडवली गेली. २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. ते तुमच्या पंथाचे नव्हते. हक्क एकच.

शिवाय मुलगी सातवीत आहे. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १६ नुसार आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढताच येत नाही. हे मुख्याध्यापकांना बहुधा आठवत नसावं.

आता साध्या कागदावर मुख्याध्यापकांना पत्र लिहा : कोणत्या तारखेला कोण काय म्हणालं, मुलगी उभी राहते, आम्ही दाखला मागितलेला नाही. ‘बिजो इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य’ हा वर सांगितलेला निकाल जोडा. एक प्रत जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकाऱ्यांना द्या. दोन्हीकडे तुमच्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नका. तेवढ्याने नाही भागलं, तर आता मुंबई गाठायला नको. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच बसतं, सांगली त्यातच येतं.

हिटलरच्या छळछावण्यांत तुमच्या पंथाच्या कैद्यांच्या कपड्यांवर जांभळा त्रिकोण शिवलेला असे. श्रद्धा सोडतो असं लिहून द्या आणि सुटा, असं त्यांना सांगत. बहुतेकांनी सही केली नाही. तुमच्या हातातला अर्ज वाचताना मला तेच आठवलं.

डब्याचं मात्र कोर्टात सुटणार नाही. वर्गशिक्षिकांना एकटे भेटा, मुलीला सोबत नेऊ नका. तिच्या जवळची एखादी मैत्रीण असेलच. तिच्या आईशी तुमच्या घरच्यांनी बोलावं. आणि पत्राची पोच मिळाली की मला कळवा, पुढचा अर्ज मी लिहून देईन.