उबुंटू (लिनक्सची एक ऑपरेटिंग सिस्टीम) टाकल्यापासून हेडफोनमध्ये आवाज येतो, लॅपटॉपच्या स्पीकरमधून नाही. पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, तापकीर गल्लीत, स्पीकर बदलून घेऊ का?

इतक्यात बदलू नका. हेडफोनला आवाज आहे म्हणजे साउंड कार्ड ओळखलं गेलंय आणि बहुतेक वेळा फक्त स्पीकरचं चॅनल म्यूट असतं. टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायची खिडकी) अल्सामिक्सर (alsamixer) हा आवाजाचे पट्टे दाखवणारा प्रोग्राम चालवा, एफ६ दाबून खरं कार्ड निवडा (सुरुवातीला दिसणारं ‘डिफॉल्ट’ नव्हे, तिथे सगळे पट्टे दिसतच नाहीत). ‘स्पीकर’च्या पट्ट्याखाली ‘एमएम’ दिसलं तर एम दाबा आणि आवाज वर न्या. मग उजवीकडे सरकत ‘ऑटो-म्यूट मोड’पर्यंत जा आणि तो बंद करा. हेडफोनची पिन लागली की स्पीकर बंद करणं हे त्याचं काम. जॅकमध्ये धूळ किंवा ओल असली की पिन काढल्यावरही ती लागलेलीच आहे असं त्याला वाटत राहतं. पुण्याच्या पावसाळ्यात हे तपासाच.

इथे कॉलेजच्या मुलांच्या लॅपटॉपवर लिनक्स बसवून देताना मला ही तक्रार वरचेवर भेटते. मात्र साउंड सेटिंगमध्ये ‘डमी आउटपुट’ एवढंच दिसत असेल तर हा उपाय चालणार नाही. तिथे कार्डच सापडलेलं नसतं. नव्या इंटेल लॅपटॉपवर त्यासाठी साउंड ओपन फर्मवेअर (आवाजाच्या चिपमध्ये चालणारं सॉफ्टवेअर) आणि ताजं कर्नल (लिनक्सचा गाभा) लागतं.