“जमतंय ना, सर?”

“मॅडम, मला बसायला जरा वेळ लागेल हं,” असं म्हणत त्यांनी खुर्चीच्या दोन्ही हातांवर तळवे टेकवले, डोळे मिटले आणि खुर्ची वीतभर खाली राहिली असताना अंग सोडून दिलं. धपकन आवाज झाला. मग स्वतःच ओशाळं हसले.

वय 46, काम दिवसभर बैठं. माझ्याकडे ते झोपेच्या तक्रारीसाठी काही महिन्यांपासून येत होते. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि त्यांना विचारूनच हे लिहिते आहे.) त्या दिवशी झोपेचा विषय निघालाच नाही. दोन दिवसांपूर्वी पर्सनल ट्रेनरबरोबर त्यांचा पहिला व्यायाम झाला होता आणि आता जिना उतरायचा तर ते कठड्याला धरून उलटे उतरत होते. कोपर पूर्ण सरळ होत नव्हतं, की पूर्ण वाकतही नव्हतं. फोन कानाला लागेना म्हणून स्पीकरवर टाकून बोलायचं आणि भांग पाडायला कंगवा डोक्याकडे न्यायच्या ऐवजी डोकंच कंगव्याकडे न्यायचं.

“चूक माझी की त्या ट्रेनरची? आणि आता परत जायचं तर कुठल्या तोंडानं जाऊ?”

या ना त्या शब्दांत हा प्रश्न माझ्याकडे बऱ्याचदा येतो. बोलणं बहुतेक वेळा पहिल्या भागावर होतं, माणूस अडकलेला असतो दुसऱ्या भागात. पण त्याआधी मी एक आडवाच प्रश्न विचारला. लघवीचा रंग कसा आहे?

ते गडबडले. समुपदेशकानं विचारायची ही गोष्ट नव्हे, मान्य. पण काही वर्षांपूर्वी असंच “फक्त अंग दुखतंय” म्हणत आलेल्या एका तरुणीनं जाता जाता लघवी कोऱ्या चहासारखी होतेय असं सांगितलं होतं आणि मी तिला तशीच दवाखान्यात पाठवलं होतं. अतिश्रमानं स्नायूंच्या पेशी मोठ्या प्रमाणावर फुटल्या की त्यांतलं मायोग्लोबिन रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडांना इजा करू शकतं. डॉक्टर याला ऱ्हॅब्डोमायोलिसिस म्हणतात. लघवी गडद तपकिरी होणं, अवयव टणक सुजणं, नुसतं दुखणं नव्हे तर जोरच जाणं, यातलं काहीही दिसलं तर वाट पाहत बसायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. आणि त्याआधी घरातली वेदनाशामक गोळी मनानं घ्यायची नाही, कारण आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या अशा वेळी मूत्रपिंडांवर आणखी भार टाकतात.

यांच्या लघवीचा रंग फिकट पिवळा होता आणि सूज नव्हती. म्हणजे होतं ते न सवयीच्या व्यायामानंतरचं नेहमीचं दुखणं. ते व्यायामाच्या वेळी जाणवत नाही. बारा-चोवीस तासांनी सुरू होतं, एक ते तीन दिवसांत कळस गाठतं आणि साधारण आठवडाभरात ओसरतं. “लॅक्टिक ॲसिड साठलंय” असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. ते ॲसिड तर व्यायाम थांबल्यावर तासा-दीड तासात निघून जातं, तिसऱ्या दिवशीच्या दुखण्याचा आळ त्याच्यावर घालण्यात अर्थ नाही. दुखतात ते स्नायूंचे बारीक तंतू, त्यातही ओझं सावकाश खाली आणताना ताणले गेलेले. स्क्वॉटमध्ये खाली बसणं, डंबेल उतरवणं, जिना उतरणं ही सगळी त्याच जातीची कामं, म्हणून तर उलटं उतरण्याची पाळी आली.

मग मी म्हटलं, त्या तासात काय काय झालं ते सुरुवातीपासून सांगा.

वॉर्म-अपला पाच मिनिटं. मग स्क्वॉट्सचे चार सेट, लंजेसचे (एक पाय पुढे टाकून गुडघे वाकवत खाली जायचं) चार, पुश-अप्स, डंबेल, पुन्हा लंजेस. ट्रेनर पंचवीस-सव्वीस वर्षांचा मुलगा, बोलायला गोड. प्रत्येक सेटनंतर विचारायचा, “जमतंय ना, सर?” आणि हे म्हणायचे, “हो हो, चालू दे.” दुसऱ्या फेरीतल्या लंजेसना यांच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले, तोंडाला पाणी सुटलं. “एक मिनिट, फोन आलाय” असं सांगून ते बाथरूममध्ये गेले. तिथे त्यांना उलटी झाली. बाहेर आवाज जाऊ नये म्हणून त्यांनी नळ पूर्ण सोडून ठेवला होता. तोंडावर पाणी मारून बाहेर आले आणि म्हणाले, “चला, पुढचं काय?”

हे सांगताना ते माझ्याकडे न बघता बोटातली अंगठी फिरवत होते. दुखण्याबद्दल बोलताना माणूस असं करत नाही. दुखणं मोकळेपणानं, थोडं कौतुकानंसुद्धा सांगितलं जातं. नळाची गोष्ट त्यांनी घरीही सांगितली नव्हती.

खरं सांगते, त्या दिवशी मी मनातल्या मनात सगळा दोष त्या ट्रेनरवर टाकून मोकळी झाले होते. पहिल्या दिवशी नवख्याकडून इतकं करून घेतात का? पुढच्या आठवड्यात हे आले तेव्हा अंग मोकळं झालं होतं, पण ट्रेनरचे तीन निरोप अनुत्तरित होते. चौथ्याला “कामात आहे, कळवतो” असं उत्तर गेलं होतं. काय अडतंय म्हणून विचारलं, तर बराच वेळ गप्प राहून म्हणाले, “मी फॉर्मवर खोटं लिहिलं होतं.”

नाव नोंदवताना भरायचा तो फॉर्म. छातीत दुखतं का, चक्कर येते का, सांध्यांचा त्रास, चालू औषधं, हे सगळं खरं लिहिलेलं. पण “व्यायाम शेवटचा कधी केला?” या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं, दोन महिन्यांपूर्वी. खरं उत्तर होतं अकरा वर्षं. कॉलेजात ते धावायचे, बक्षिसं मिळवायचे. त्या काउंटरवर उभं राहून “अकरा वर्षं” हे दोन शब्द लिहायला हात धजावला नाही.

तर चूक कुणाची? माझं मत विचाराल तर ट्रेनरचा वाटा कमी होत नाही. फॉर्म खोटा असेल, पण समोरचा पांढराफटक चेहरा खोटा नव्हता, तो वाचणं हे त्याचं काम आहे. पहिला दिवस माणसाला किती झेपतं हे बघण्यासाठी असतो, घाम किती काढला हे दाखवण्यासाठी नव्हे. शिवाय दुखणं जास्त म्हणजे फायदा जास्त, या समजुतीला आधार नाही. तरीही तो बिचारा दोन महिन्यांच्या खंडाचा हिशेब करत होता आणि त्याच्यासमोर माणूस होता अकरा वर्षांच्या खंडाचा.

आणि त्या “जमतंय ना?”ची मला गंमत वाटते. त्या “ना”मध्ये उत्तर आधीच भरून ठेवलेलं असतं. “सर” म्हणणाऱ्या, आपल्याहून वीस वर्षांनी लहान मुलाला “नाही जमत” म्हणायचं म्हणजे प्रश्नाचं उत्तर देणं राहत नाही, ती कबुली होऊन बसते. याची मुळं त्यांच्या बालपणात शोधत बसण्याची मला गरज वाटली नाही. काही लाजा इतक्या खोल नसतात, नुसत्या चिवट असतात.

म्हटलं, इथेच सराव करू. मी ट्रेनर. “जमतंय ना, सर?” तुम्ही म्हणा, पुरे.

पहिल्या वेळी ते म्हणाले, “जरा पाणी पिऊन येऊ का?” दुसऱ्या वेळी, “तुम्ही म्हणत असाल तर थांबतो.” तिसऱ्या वेळी तोंड उघडलं आणि मिटलं. आम्ही दोघंही हसलो, पण हसता हसता त्यांचे डोळे भरून आले होते, हेही खरं. “पुरे” हा शब्दच त्यांच्या तोंडी बसेना. मग मी शब्द सोडून आकडा घ्यायला सांगितला. आपल्याला किती श्रम पडताहेत हे आकड्यात सांगण्याची पट्टी स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी बनवली. मूळची 6 ते 20 अशी, पुढे त्यांनीच 0 ते 10चीही केली. (आमच्याच शाखेतल्या माणसाचं काम, म्हणून मला त्याचा जरा अभिमान.) शून्य म्हणजे स्वस्थ बसणं, दहा म्हणजे जीव चाललाय. “आठ” म्हणताना कुणासमोर हरल्यासारखं वाटत नाही, तापमान सांगितल्यासारखं वाटतं. आकडा त्यांच्या तोंडातून लगेच निघाला. हिशेबाचा माणूस.

ठरलं ते एवढंच. जायचं, फॉर्म मागून घ्यायचा आणि तो रकाना दुरुस्त करायचा. व्यायाम त्या दिवशी झाला नाही तरी चालेल. झालाच तर पाचच्या वर आकडा गेला की बोलायचं आणि “अजून चार-पाच सहज निघाले असते” असं वाटत असतानाच सेट संपवायचा. काजवे चमकले किंवा मळमळलं तर तिथेच थांबायचं, नळ न सोडता. आणि छातीत दुखलं किंवा शुद्ध हरपल्यासारखं झालं तर आकडेबिकडे बाजूला ठेवून थेट डॉक्टर. शिवाय वयाची चाळिशी उलटून गेलेली, मध्ये एवढा खंड, तेव्हा जाण्याआधी रक्तदाब-साखर तपासून घ्या, असंही मी सुचवलं. ते त्यांनी केलं.

“पण पुन्हा तसंच दुखलं तर?” ही भीती होतीच. स्नायूंचा एक गुण आहे. एकदा त्या व्यायामाची झळ बसली की पुढचे काही आठवडे तोच व्यायाम त्यांना पुष्कळ कमी दुखवतो. म्हणजे पहिल्या दिवसाची किंमत मोजून झाली होती, उगाच जास्त मोजली होती इतकंच.

तीन आठवड्यांनी आले. फॉर्मवर “दोन महिने” खोडून “11 वर्षं” लिहिलं आणि बाजूला सही केली म्हणाले, बँकेत खाडाखोडीपाशी करतात तशी. ट्रेनर काय म्हणाला? काही वेळ नुसता कागदाकडे बघत राहिला. मग म्हणाला, “सर, त्या दिवशी तुम्ही बाथरूममधून आलात तेव्हा मला वाटलं होतं विचारावं. मग वाटलं, तुम्हाला आवडणार नाही.”

त्या दिवशी त्यानं यांना दोन सेट स्क्वॉट्स दिले, तेही मागे बाक ठेवून आणि वजनाशिवाय. शेजारी एक आजीबाई याहून जास्त करत होत्या, त्याचा यांना फार राग आला. “माझा आकडा चार होता, मॅडम. चार!” ते तक्रार केल्यासारखं सांगत होते. मी विचारलं, मग वाढवून मागितलंत का? म्हणाले, “तोंडावर आलं होतं. पण म्हटलं, चार तर चार.”

एवढं बोलून ते खुर्चीत मागे टेकले, मोबाइल काढून बंद केला आणि म्हणाले, “बरं, आता झोपेचं बघू या. काल पुन्हा तीनला जाग आली.”