बालमजुरी ‘करणे’ की ‘करवून घेणे’?

एका शिक्षिकाबाईंचा प्रश्न आला आहे. त्यांच्या शाळेच्या कुंपणभिंतीवर एक ओळ रंगवायची आहे आणि पेंटरला देण्याआधी ती तपासून हवी आहे. ओळ अशी: ‘१४ वर्षांखालील मुलांनी धोकादायक बालमजुरी करणे हा कायद्याने गुन्हा आहे.’ सोबत आणखी तीन प्रश्न आहेत. बालमजूर म्हणावं की बालकामगार? दहावी सोडून ढाब्यावर राबणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलाला यातला कोणता शब्द लागतो? आणि मालिकांत दिसणारी मुलं ‘बालकलाकार’च कशी राहतात, बालकामगार का होत नाहीत?

आधी ओळीचं बघू. बाई, ही ओळ भिंतीवर जाऊ देऊ नका. व्याकरणाला धरून आहे, पण ‘मुलांनी करणे’ म्हटलं की कर्ता मूल होतं आणि गुन्हाही त्याच्याच माथी बसतो. टपरीवर कपबशा विसळणाऱ्या एखाद्या पोरानं ही ओळ वाचली, तर आपण पकडले जाऊ असंच त्याला वाटेल, आणि कामगार अधिकारी आले की ते मागच्या दारानं पळेल. कायद्यात मूल कुठेच आरोपी नाही. संविधानाच्या चोविसाव्या अनुच्छेदात मनाई आहे ती बालकांना ‘कामावर ठेवण्यास’. १९८६ च्या बालकामगार कायद्याचं तिसरं कलम दोन क्रियांना मनाई करतं: मुलाला कामावर ठेवणं आणि त्याला काम करू देणं. दोन्हींचा कर्ता मोठा माणूस आहे. शिक्षाही त्यालाच: ६ महिने ते २ वर्षं कैद, किंवा २० हजार ते ५० हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. २०१६ च्या दुरुस्तीपासून हा गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांना वॉरंटवाचून अटक करता येते.

मराठीत तर यासाठी क्रियापदांची चंगळ आहे. मूल राबतं, त्याला राबवणारा दुसराच असतो. मूल काम करतं, ते करवून घेणारा वेगळा, करायला लावणारा वेगळा, करू देणारा वेगळा. मालक कामावर ठेवतो, मुकादम कामाला जुंपतो, आईबाप कामाला घालतात. या ‘घालण्या’कडे जरा बघा. ‘पोराला शाळेत घातलं’ आणि ‘पोराला कामाला घातलं’ ही दोन्ही वाक्यं आपण सहज बोलतो, आणि दोन्हींत मूल कर्मच असतं, ठरवणारं दुसरंच कुणीतरी. बोलीला हे नेमकं कळलेलं आहे. घोटाळा होतो तो ‘बालमजुरी’ हे भाववाचक नाम करून त्याला ‘करणे’ जोडलं की. प्रयोजक रूप, म्हणजे ‘करवणं’, गळून पडतं आणि त्याबरोबर राबवणाराही वाक्यातून नाहीसा होतो.

कारवाईच्या बातम्यांतही हीच गत. ‘हॉटेलवर छापा, पाच बालकामगार ताब्यात’ अशा धाटणीची वाक्यं सर्रास दिसतात. ताब्यात घेतात, पकडतात, ते संशयिताला. मुलांची सुटका करतात. अशा बातमीत ‘मालकावर गुन्हा दाखल, पाच मुलांची सुटका’ एवढं लिहिलं तरी कोण कुठे उभा आहे ते स्पष्ट होतं. असा बदल करता येतो याचं उदाहरण शेजारीच आहे. पूर्वी ‘बालगुन्हेगार’ हा शब्द बिनदिक्कत वापरला जाई. बाल न्याय कायद्यानं भाषा बदलली आणि आता पोलिसांच्या पत्रकातसुद्धा ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’, म्हणजे कायद्याशी संघर्षात सापडलेलं मूल, असं येतं. शब्द जिभेला जड आहे हे खरं, पण मुलाच्या कपाळावरचा शिक्का त्यानं पुसला.

आता ओळीतला दुसरा दोष: ‘धोकादायक’. हा शब्द इथे जुन्या कायद्यातून आला आहे. १९५० पासून संविधानानं १४ वर्षांखालच्या मुलांना कारखाने, खाणी आणि धोकादायक कामं यांत ठेवण्यास मनाई केली. १९८६ चा कायदा त्याच वाटेनं गेला. त्याच्या नावातच ‘प्रतिबंध व नियमन’ असे दोन शब्द आहेत: परिशिष्टात नोंदलेल्या कामांवर प्रतिबंध, बाकीच्यांचं नियमन. म्हणजे परिशिष्टाबाहेरच्या कामावर बारा वर्षांचं मूल ठेवणं या कायद्याला चालत होतं, फक्त तास नि सुट्टी पाळायची. हे परिशिष्ट वाढत वाढत १८ व्यवसाय आणि ६५ प्रक्रियांपर्यंत गेलं. घरकाम आणि हॉटेल-ढाबे त्यात आले ते १० ऑक्टोबर २००६ पासून. ‘हॉटेलातला पोऱ्या’ किंवा ‘बाळ सांभाळायला ठेवलेली मुलगी’ ही आपल्या बोलीतली अगदी रुळलेली पदं, आणि तोवर त्या कामांवर मूल ठेवायला या कायद्याची आडकाठी नव्हती.

२०१६ मध्ये हा आराखडाच बदलला. १ सप्टेंबर २०१६ पासून १४ वर्षांखालच्या मुलाला कुठल्याच कामावर ठेवता येत नाही, काम धोक्याचं असो वा नसो. दोन अपवाद आहेत, त्यांच्याकडे पुढे येऊ. ‘धोकादायक’ ही अट आता १४ ते १८ या वयाला लागते: खाणी, ज्वालाग्राही नि स्फोटक पदार्थ, कारखाने कायद्यातल्या धोकादायक प्रक्रिया अशा कामांवर त्यांना ठेवता येत नाही. बाईंची ओळ जशी आहे तशी रंगवली, तर साध्या कामाला चौदाच्या आतलं मूल चालतं असा अर्थ निघेल. तेव्हा ती अशी करावी: ‘१४ वर्षांखालील मुलाला कामावर ठेवणे आणि १८ वर्षांखालील मुलाला धोकादायक कामावर ठेवणे हा गुन्हा आहे.’ खाली १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक ठळक अक्षरांत टाका. जागा कमी असेल तर ‘मुलांना कामाला लावणे हा गुन्हा आहे’ एवढंही पुरे.

बालमजूर की बालकामगार? दोन्ही शब्द शुद्ध आहेत, दोन्ही चालतात. फरक छटेचा आहे. मजूर फारसी ‘मज्दूर’वरून आला, आणि त्यातल्या ‘मज्द’चा अर्थ मोबदला. म्हणून मराठीत मजुरी म्हणजे काम आणि त्याचे पैसे, दोन्ही. कामगार शब्दाला एके काळी वजन होतं, कामकाज पाहणारा अधिकारी असा त्याचा अर्थ होता. ‘कामगार तलाठी’ हे पद अजून कागदांवर दिसतं, त्यातला कामगार तो हाच. पुढे गिरण्या-कारखान्यांनी हा शब्द उचलला आणि त्याला हजेरीपट, संघटना, हक्क यांचा संदर्भ चिकटला. सरकारी मराठीनं कायद्यासाठी ‘बालकामगार’ घेतला, त्यामुळे कायद्याविषयी लिहिताना तोच वापरावा. शेत, वीटभट्टी, ऊसतोड इथल्या मुलांबद्दल लिहिताना ‘बालमजूर’ जास्त जवळचा वाटतो. पण त्यातली ‘मजुरी’ मुलाच्या हातात पडतेच असं नाही, आणि इथे मला थोडं थांबायचं आहे.

ऊसतोडीत मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती कोयत्याला. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, एकटा माणूस असला तर अर्धा कोयता. मूल या हिशोबात पूर्ण नाही, अर्धं नाही, पावही नाही. पण फडात वाढं (उसाचे शेंडे) गोळा करायला, मोळ्या बांधायला तेच असतं, आणि तेवढं मोठं नसेल तर कोपीवर (झोपडीवर) धाकट्या भावंडाला सांभाळायला. त्याच्या कामाचा मोबदला आईबापांच्या उचलीत विरघळून गेलेला असतो. अशा मुलाला मजूर म्हणताना शब्दातला ‘मोबदला’ हा अर्थ पोकळ होतो. जुना, कडवट पण अचूक शब्द आहे ‘वेठ’. संस्कृत ‘विष्टि’वरून आलेला. विदर्भात राज्य केलेल्या वाकाटकांच्या ताम्रपटांत गाव दान देताना ते विष्टीतून मुक्त केल्याचा उल्लेख येतो, इतका हा शब्द आपल्या मातीत जुना आहे. ‘बिगार’ फारसीतून आला, अर्थ तोच, बिनमोबदल्याचं सक्तीचं काम. बाजारहाट किंवा धनदौलत यांसारखीच ‘वेठबिगार’ ही समानार्थी शब्दांची जोडी. संविधानाचा तेविसावा अनुच्छेद वेठबिगारीला मनाई करतो आणि १९७६ च्या कायद्यानं वेठबिगार पद्धत रद्द केली. आज मात्र ‘वेठीस धरणे’ आपण संपाच्या बातमीत प्रवाशांसाठी वापरतो आणि जिथे खरोखर वेठ चालते तिथे तो शब्द आठवत नाही.

मुलांचे श्रम गहाण ठेवण्याविरुद्ध या देशात १९३३ मध्येच कायदा झाला होता. कर्ज किंवा आगाऊ रक्कम घेऊन १५ वर्षांखालच्या मुलाची मेहनत लिहून देण्याचा करार त्यानं रद्दबातल ठरवला. दागिना, जमीन, भांडी यांच्याच रांगेत मुलाचे हात गहाण पडत होते, म्हणून तर असा कायदा करावा लागला. आणि २०२२ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या इगतपुरी तालुक्यात कातकरी मुलांना थोड्या पैशांवर मेंढ्या राखायला दिल्याची प्रकरणं उघडकीस आली. ‘राखायला दिलं’ यातलं ‘दिलं’ ऐकायला किती साधं आहे. अशा ठिकाणी ‘बालमजुरी’ लिहू नये. ‘वेठबिगारी’ लिहावं, कारण त्याची कलमं वेगळी आहेत, शिक्षा वेगळी आहे आणि तक्रार नोंदवताना शब्दावर बरंच अवलंबून असतं.

सोळा वर्षांच्या मुलाचं उत्तर कोणता कायदा हातात घेता यावर आहे. १९८६ च्या कायद्याला २०१६ मध्ये नवं नाव मिळालं, ‘बाल व किशोरवयीन कामगार’ असं, आणि १४ पूर्ण ते १८ अपूर्ण हा वयोगट ‘किशोरवयीन’ ठरला. १९४८ च्या कारखाने कायद्यातला किशोर १५ पासून सुरू होई. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात १८ च्या आतलं प्रत्येक जण बालकच. संस्कृत परंपरेत कैशोर पंधराव्या वर्षी संपतं, म्हणजे तिथे सोळाव्याला हा मुलगा तरुण झाला असता. वयाची रेघ माणसं आखतात नि सरकवतात: १८८१ च्या कारखाने कायद्यात कामाचं किमान वय ७ होतं, १८९१ मध्ये ९ झालं, १९२२ मध्ये १२.

तर ढाब्यावरच्या या मुलाला ‘किशोरवयीन कामगार’ म्हणावं. ढाब्याचं काम परिशिष्टातल्या धोकादायक कामांत मोडत नसेल तर त्याला ठेवता येतं, पण संध्याकाळी ७ ते सकाळी ८ काम देता येत नाही, सलग तीन तासांपेक्षा जास्त राबवता येत नाही आणि जादा काम तर मुळीच नाही. ढाब्याचा धंदा रात्रीचाच, त्यामुळे हा नियम तिथे कितपत पाळला जातो ते बाईंनी जरूर विचारावं. त्याला डांबून ठेवलं असेल किंवा त्याचा पगार मालकानं स्वतःकडेच ठेवला असेल, तर बाल न्याय कायद्याचं ७९ वं कलम लागतं: ५ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपये दंड. तिथे त्याला ‘बालक’च लिहा, कारण ते संरक्षण त्याच शब्दाला मिळालं आहे.

आता ते दोन अपवाद. पहिला कुटुंबाला मदतीचा: शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत मूल घरच्या धंद्यात मदत करू शकतं, काम धोकादायक नसेल तर. कुटुंबात कोण येतं ते कायद्यानं मोजून दिलंय: आई, वडील, भाऊ, बहीण, वडिलांचे भाऊ-बहीण, आईचे भाऊ-बहीण. आपल्या भाषेत काका, आत्या, मामा, मावशी. यादी इथे संपते. लांबच्या भाच्याला ‘घरचाच आहे, हाताशी असतो’ म्हणून गॅरेजवर ठेवणाऱ्यानं ती एकदा वाचावी. ‘हाताशी’, ‘हाताखाली’, ‘वरकामाला’ हे मराठीतले मऊ शब्द चाकरीला मदतीचं रूप देतात. मूल शाळेच्या वेळात तिथे आहे का, एवढं पाहिलं तरी मदत की चाकरी ते बहुतेक वेळा कळतं. पोटासाठी मुलाला पाठवणाऱ्या आईबापांना पहिल्या वेळी शिक्षा नाही, पुन्हा तेच केलं तर १० हजार रुपयांपर्यंत दंड आहे.

दुसरा अपवाद बालकलाकारांचा, आणि त्यातच बाईंच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आहे. चित्रपट, मालिका, जाहिराती आणि खेळ यांत मूल काम करू शकतं, सर्कशीत नाही. ‘कलाकार’ हा शब्द कायद्यानंच दिलाय, पण ते काम आहे हे नियमांत मान्य केलंय: दिवसाला जास्तीत जास्त ५ तास, सलग ३ तासांवर विश्रांतीशिवाय नाही, सलग २७ दिवसांपेक्षा जास्त नाही, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी, मुलाची स्वतःची संमती हवी आणि कमाईतला किमान २० टक्के भाग त्याच्या नावानं मुदत ठेवीत टाकायचा. या यादीत मुलाच्या संमतीची अट आहे, म्हणून ‘मुलानं काम केलं’ हे वाक्य इथे निदान कागदावर तरी कर्त्यासकट बरोबर ठरतं.