तिलारी चढावी आणि आंबोली उतरावी: सावंतवाडीच्या फेरीविषयी

सावंतवाडीहून पहाटे निघून आंबोली घाट चढायचा, चंदगडमार्गे तिलारीनगर गाठायचे, तिलारी घाटाने दोडामार्ग तालुक्यात उतरायचे आणि बांद्यावरून संध्याकाळपर्यंत परत यायचे, अशी फेरी तुम्ही आखली आहे आणि रोड सायकलवर ती एका दिवसात होईल का, असे विचारले आहे. अंतर दीडशे किलोमीटरच्या घरात आहे. शंभर किलोमीटरची सवय आणि घाटांचा थोडाफार सराव असेल, तर फेरी नक्की पूर्ण होते. मार्ग तुम्ही उत्तम निवडला आहे; दिशा मात्र उलटी करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

घाटाचा विचार करताना आपण चढाचा हिशेब मांडतो आणि उताराला बक्षीस समजतो. डोंगरातली फेरी खरे तर उतार पाहून ठरवावी. चढावर दम लागला तर पाय टेकता येतो, सायकल हातात धरून चालता येते. तीव्र उतारावर ब्रेक तापले की असा पर्याय फार उशिरा सुचतो. आंबोली घाट लांब असला तरी चढ बऱ्यापैकी एकसारखा आहे, रस्ता रुंद आहे आणि वळण आधीच नजरेत येते. तिलारी घाट त्याच्या अगदी उलट आहे: अंतर कमी, उंची तेवढीच, रस्ता अरुंद आणि हेअरपिन वळणे इतकी आवळलेली की वळणाच्या आतल्या कडेला रस्ता अंगावर येतो. त्यातच बेळगावहून गोव्याला जाणाऱ्या मोटारी हा रस्ता वापरतात आणि सुट्टीच्या दिवशी त्या वाढतात.

सायकल आणि स्वार मिळून 80 किलो वजन 600 मीटर खाली आणायचे, तर सुमारे 470 किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी जावी लागते. मोकळ्या उतारावर वेग वाढतो आणि तिचा मोठा वाटा हवा खाते. तिलारीसारख्या घाटात वेग वाढवताच येत नाही, म्हणून ती बहुतेक ब्रेकमध्ये उतरते. लिटरभर थंड पाण्याला उकळी आणायला साडेतीनशे किलोज्यूलसुद्धा लागत नाहीत, हे लक्षात घेतले की धोका कळतो. रिम ब्रेकच्या, म्हणजे चाकाच्या धातूच्या किंवा कार्बनच्या कडेवर घासणाऱ्या ब्रेकच्या सायकलवर ही उष्णता थेट त्या कडेत, रिममध्ये जाते, आतली ट्यूब फुटू शकते आणि कार्बन रिम असेल तर तिची राळ मऊ पडू शकते. डिस्क ब्रेक यात निःसंशय बरे, पण सतत दाबून धरले तर तेही कमजोर पडतात. म्हणून तिलारी चढावी आणि आंबोली उतरावी.

उलट्या दिशेचा दुसरा फायदा वेळेचा आहे, आणि तो मला तितकाच महत्त्वाचा वाटतो. 2002 पासून कर्नाटकातून आलेले हत्ती दोडामार्ग तालुक्यात वावरत आहेत आणि तिलारी खोऱ्यातल्या बागायतदारांनी त्यांच्यापायी फार सोसले आहे. 2020 मध्ये तिलारीचे सुमारे साडेएकोणतीस चौरस किलोमीटर जंगल संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून घोषित झाले. तुमच्या आखणीप्रमाणे तुम्ही थकलेल्या अवस्थेत नेमके तिन्हीसांजेला या पट्ट्यात पोहोचता. उलट दिशेने गेलात तर घाटाखालचे भेडशी गाव आणि पुढचा जंगलाचा रस्ता चांगल्या उजेडात पार होतो. हत्ती दिसलाच तर थांबावे, मागे फिरावे आणि गावकरी सांगतील तेवढा वेळ वाट पाहावी. फोटोसाठी पुढे जाणे हत्तींच्याही जिवावर बेतते आणि आपल्याही.

डिसेंबरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो. सहाला दिवे लावून सावंतवाडी सोडावी, झुंजुमुंजू होताना बांदा गाठावा आणि उजेडातच दोडामार्गाकडे वळावे. हा पट्टा चढ-उतारांचा असला तरी पाय मोकळे करण्यापुरताच आहे. इथे वेग दाखवण्याचा मोह टाळावा. भेडशीच्या बाजारात उसळ-पाव खाऊन दोन्ही बाटल्या भरून घ्याव्यात, कारण त्यानंतर घाटमाथ्यापर्यंत भरवशाचे पाणी धरून चालू नये. नऊच्या सुमारास घाट सुरू झाला तर बराचसा चढ सावलीत होतो.

गिअरविषयी कुणाचेही बढाईचे सल्ले ऐकू नयेत. पुढे 34 आणि मागे 28 दाते असतील, तर पॅडलच्या मिनिटाला 60 फेऱ्यांनी ताशी सुमारे 9 किलोमीटर वेग पडतो आणि 12 टक्क्यांच्या चढावर 80 किलोंसाठी केवळ गुरुत्वाकर्षणाविरुद्ध 240 वॉट लागतात. मागे 34 दात्यांपर्यंतची कॅसेट (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच) बसवली की त्याच फेऱ्यांना हे 200 वॉटांच्या आत येते. तासभर 240 वॉट देणारे पाय आपल्यापैकी फार थोड्यांचे असतात, तेव्हा कॅसेट बदलून घ्यावी. टायर 28 मिलिमीटरचे असावेत आणि हवा ठासून भरू नये.

माथ्यावर आल्यावर तिलारीनगर ते चंदगड हा रस्ता खालीवर होत राहतो आणि अपेक्षेपेक्षा जास्त दमवतो, कारण मन घाट संपल्याच्या समाधानात असते. चंदगडला नीट जेवावे. पुढे बेळगाव-वेंगुर्ला रस्त्याने नागरतासवरून आंबोली गाठावी. दुपारी दोनपर्यंत चंदगड सुटले नाही, तर आंबोलीत मुक्काम करावा. तिथे राहण्याची सोय सहज होते आणि त्यात काहीही कमीपणा नाही. सांजावल्यावर या पठारावर गवे रस्ता ओलांडतात, आणि अंधारात गव्याचा काळा देह दिव्याच्या झोतात येईपर्यंत दिसत नाही.

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचे दिवस धरावेत. आंबोलीला वर्षाला 7,000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पावसाळ्यात घाटात दरड, शेवाळ आणि दाट धुके असते, आणि रात्री रस्त्यावर आलेले बेडूक चाकाखाली जातात, त्यांतले काही तर फक्त याच परिसरात आढळतात. पाऊस संपल्यावरही दोन्ही घाटांच्या दुरुस्तीची चौकशी आदल्या दिवशी भेडशी आणि आंबोलीतल्या दुकानदारांकडे करावी.

शेवटच्या उतारावर हात खालच्या हँडलवर ठेवावेत, वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक जोरात लावून वेग कमी करावा आणि मग ते पूर्ण सोडून द्यावेत, म्हणजे रिमला वारा लागतो. धबधब्याजवळ पर्यटकांच्या गाड्या आणि माकडांची गर्दी असते, तिथून चालण्याच्या वेगाने जावे. दाणोली आली की घाट संपला. तिथून सावंतवाडीपर्यंत फक्त गावांतल्या वाहतुकीकडे लक्ष ठेवावे.