शाहू महाराज, पण कोणते?

शंका: नातू पाचवीत आहे. प्रकल्पासाठी त्यानं मोबाइलवरून ‘शाहू महाराज’ची माहिती वहीत उतरवली: जन्म १८७४, कागल; मृत्यू १७४९, सातारा. म्हणजे महाराज जन्माच्या १२५ वर्षं आधी वारले! बाईंनी लाल शाईनं नुसतं प्रश्नचिन्ह काढलंय. एका नावाची बरीच माणसं असली तर ज्ञानकोशात त्या नावाची मुख्य नोंद कुणाला द्यायची, हे ठरवतं कोण? पहिला मान थोरल्या शाहूंचा नको का? – एक आजी, लालबाग

समाधान: तुम्ही मूळच्या साताऱ्याच्या, बरोबर ना? ‘थोरले शाहू’ म्हणणारं माणूस बहुधा तिकडचंच निघतं. संदर्भ विभागाच्या टेबलामागे माझी एकतीस वर्षं गेली. ‘शाहू महाराजांचं पुस्तक द्या’ म्हणणाऱ्याला मी कधी सरळ पुस्तक दिलं नाही. आधी विचारायचं, ‘कोणते?’ बहुतेक जण माझ्याकडे अडाणी असल्यासारखं बघायचे.

गिरगावात आमच्या चाळीत तीन सावंत होते. पोस्टातले, मिलमधले आणि तबलेवाले. पाकिटावर नुसतं ‘सावंत’ असलं की पोस्टमन ते मिलवाल्यांच्या दारात टाकायचा, कारण गावाकडून सगळ्यांत जास्त पत्रं त्यांनाच यायची. (पोस्टातले सावंत आपली पत्रं ऑफिसातूनच उचलून आणत, तो भाग वेगळा.) चुकून आलेलं पाकीट मिलवाल्या काकू वरच्या मजल्यावर पोचवायच्या. तबलेवाल्यांना यात कधी अपमान वाटला नाही. मुख्य नोंदीचा हिशोब असाच आहे. तुम्ही मानाचं विचारलंत. कोशवाले बघतात ते दारात येणाऱ्याचं काम.

इंग्रजी विकिपीडियावर तर हे लेखी आहे. नुसतं नाव टाकणाऱ्यांपैकी बहुतेकांना एकच जण हवा असेल, इतका की बाकीच्या सगळ्यांना मिळूनही तेवढे शोधणारे नसतील, तर ती जागा त्याची. बाकीच्यांची वाट त्या लेखाच्या माथ्यावर एका ओळीत दाखवायची. दुसरी कसोटी टिकाऊ महत्त्वाची, आणि खरी भांडणं तिथं होतात. ‘एकनाथ’ घ्या. जून २०२२ मध्ये एकनाथ शिंदे मुख्यमंत्री झाले तेव्हा त्या नावाच्या शोधात कोण जास्त दिसणार, हे सांगायला आकडे नकोत. क्रिकेटवेड्या मुंबईकराला सोलकर आठवेल: हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा मुलगा, २७ कसोटींत ५३ झेल. तरीही ‘एकनाथ’ या नुसत्या नावाखाली मला पैठणचे नाथच हवेत. चारशे वर्षं त्यांचं भारूड गावोगाव गायलं जातंय, महिनाभराच्या बातम्यांनी ती जागा हलू नये.

भाषा बदलली की माणूसही बदलतो. मराठी वाचक ‘शरद जोशी’ म्हणतो तेव्हा त्याला शेतकरी संघटनेचे जोशी हवे असतात. हिंदी वाचकाला हवे असतात उज्जैनला जन्मलेले व्यंग्यकार शरद जोशी. दोन्ही कोश आपापल्या जागी बरोबर.

ठरवतं कोण, म्हणाल तर छापील कोशात संपादक. वाईच्या मराठी विश्वकोशानं आडनाव आधी घालून निम्मी कटकट मिटवली: ‘टिळक, बाळ गंगाधर’. पण संतांना आणि छत्रपतींना आडनावानं कोण शोधणार? विकिपीडियावर लिहिणारेच आपसात वाद घालून ठरवतात, आणि एकमत झालं नाही तर नुसत्या नावावर फक्त यादी ठेवतात. त्या यादीच्या पानाला मराठीत ‘निःसंदिग्धीकरण’ म्हणतात. हा शब्द मोठ्यानं म्हणताना माझी कवळी हलते.

आता तुमचे शाहू. ते दोन नाहीत, निदान चार आहेत. संभाजीराजांचे पुत्र, १६८९ ते १७०७ मोगलांच्या कैदेत राहून आलेले, तुमचे थोरले. त्यांच्यानंतर साताऱ्याच्याच गादीवर दुसरे शाहू, प्रतापसिंहांचे वडील. मग कोल्हापूरचे राजर्षी, ज्यांनी १९०२ मध्ये संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखल्या. आणि २०२४ मध्ये कोल्हापूरहून लोकसभेवर गेलेले आजचे शाहू छत्रपती. मुंबईत दहा जणांना विचारलंत तर नऊ जण राजर्षीच म्हणतील, असं मला वाटतं. तरी मी ती जागा त्यांना देणार नाही, थोरल्यांनाही नाही. एकाच्या कारकिर्दीत पेशवाई उभी राहिली, दुसऱ्यानं आरक्षणाची सुरुवात केली. तराजूत घालायची ही माणसं नव्हेत. इथं दारात यादीच हवी. आपल्या जुन्या लोकांना कोशाचे नियम ठाऊक नव्हते, तरी त्यांनी ‘थोरले’ आणि ‘सवाई’ लावून माधवराव वेगळे केलेच होते.

बाईंचं प्रश्नचिन्ह रास्त आहे. नातवाला १८७४ ठेवायला सांगा आणि थोरल्यांचं १७४९, सातारा खोडून तिथं ६ मे १९२२, मुंबई असं लिहायला सांगा. राजर्षी वारले ते आपल्या खेतवाडीत. लालबागहून बसनं फार लांब नाही, रविवारी त्याला तिकडे फिरवून आणा.