कोल्हापूरच्या जुन्या पेठांतली लहानपणची दुकानं आठवतात का? त्यातलं आज काय उरलंय?

तुम्ही लिहिलंय, नुकती बदली होऊन कोल्हापुरात आलोय, संध्याकाळी पेठांतून फिरतो, इथं वाढलेल्यांनी लहानपणच्या गल्ल्यांच्या आणि दुकानांच्या आठवणी सांगाव्यात, त्यातलं आज काय बघायला मिळेल तेही सांगावं.

दुकानांची यादी कुणीही देईल. गोटी सोडा, तासाच्या भाड्याची सायकल, पुडा बांधून दोरा हिसक्यानं तोडणारा वाणी. हे सगळ्याच गावांत होतं, त्यात कोल्हापूरचं काय? मी डंकाचं, म्हणजे मिरची कुटून चटणी करून द्यायच्या यंत्राचं सांगतो. आमचा होता म्हणून.

मिरजकर तिकटीवरून खासबागेकडं जाताना आत वळलं की आमची गल्ली. (तिकटी म्हणजे तीन रस्ते मिळतात ती जागा. 'पापाची तिकटी' ऐकून पाहुणे कुणाचं पाप म्हणून विचारतात, त्यांना काय सांगायचं?) मार्च लागला की आमच्या गल्लीचा पत्ता सांगावा लागत नसे. रिक्षावाला नाकाला रुमाल लावायचा आणि म्हणायचा, ह्या वासानं सरळ जावा.

पत्र्याची खोली, जमिनीत पुरलेलं उखळ, वर मोटरच्या पट्ट्यावर उचलली जाणारी आणि आपल्याच वजनानं आदळणारी लोखंडी मुसळं. ठोका पडला की मिरची कडेला पळते. पुढचा ठोका पडायच्या आत ती परत मध्ये लोटायची. बाकीचे डंकवाले त्यासाठी फळी वापरायचे, आमचे आबा हात वापरायचे. आबांच्या उजव्या हाताचं मधलं बोट एका पेरानं कमी होतं. कसं गेलं हे कुणी विचारत नसे, डंकाकडं बघितलं की कळायचं.

बायका देठ मोडलेली, ऊन दाखवलेली मिरची घेऊन यायच्या. चवीला आणि तिखटाला संकेश्वरी, रंगाला ब्याडगी. सोबत वेगवेगळ्या डब्यांत खोबरं, तीळ, धने, जिरं, लवंग, दालचिनी, दगडफूल, आणि शेवटी घालायला लसूण, तळलेला कांदा, मीठ. पुण्याकडचा माणूस चटणी म्हटल्यावर वाटीतली ओली चटणी बघायला लागतो. आमच्याकडं चटणी म्हणजे ही, बरणीत हिंगाचा खडा टाकून वर्षभर पुरवायची. आणि बाई आपल्या मिरचीपासून हलायची नाही. आपण चहाला गेलो आणि आपली संकेश्वरी दुसरीच्या डब्यात गेली तर? सख्ख्या जावाजावांचाही एकमेकींवर ह्या बाबतीत विश्वास नसायचा.

१९८६ चा मे. मी पाचवीची परीक्षा दिलेली, दादा नववीची. वडणग्याहून एक मावशी आलेल्या, पाच किलो मिरची. दुपारपासून नंबर लावून बसलेल्या, संध्याकाळी सहाला त्यांची मिरची उखळात पडली आणि दहा मिनिटांत लाईट गेली. मुसळं जिथल्या तिथं थांबली, एक वर, बाकीची मिरचीत रुतलेली. बाकीच्या बायका डबे ठेवून घरी गेल्या, त्यांचं अजून काही उखळात नव्हतं. मावशी बसून राहिल्या.

आबा म्हणाले, "मावशी, तुमी जावा. उद्या सकाळी या, कुणी हात लावत न्हाय."

"मी हलतो व्हय इथनं? अर्धी कुटलेली टाकून?" (आमच्याकडं बायकाही मी जातो, मी येतो म्हणतात. ऑफिसात ऐकलं तर हसू नका.)

सात वाजले, आठ वाजले. वडणग्याची शेवटची केएमटी बस गेली. आईनं भाकरी आणि पिठलं आणून दिलं, ते त्यांनी उखळाच्या काठावर बसूनच खाल्लं. शेवटी आबांनी कंदिलाच्या उजेडात अर्धवट कुटलेली मिरची पाटीत काढली, आईचं दगडी उखळ दारात आणून ठेवलं आणि मला शेजारच्या तालमीत पिटाळलं. दोन पैलवान आले. रोज पाचशे जोर मारणारी पोरं, लंगोटावर नुसती लुंगी गुंडाळून, अंगाला अजून आखाड्यातली तांबडी माती. एकानं मुसळ उचललं आणि असं आदळलं की उखळ जाग्यावरून सरकलं. चार ठोके. पाचव्याला शिंक. मग दुसऱ्याला शिंक. घामेजलेल्या अंगावर तिखट उडालं आणि जी आग सुरू झाली! दोघंही "आगाय आगाय" करत नळाकडं पळाले ते परत आलेच नाहीत. दोन दिवस तालमीच्या कट्ट्यावर त्यांची जी हालत झाली ती कुस्तीत हरल्यावर झाली नसेल.

मावशींनी पदर नाकाभोवती आवळून कानामागं खोचला, मुसळ घेतलं आणि सुरू झाल्या. न थांबता, एका लयीत, दर ठोक्याला घशातून बारीक 'हूं'. आई चाळत होती, चाळणीवर राहिलेलं परत उखळात. लाईट अकराला आली. तोवर चटणी झालेली होती. आबांनी पैसे घेतले नाहीत. मावशी पैसे उखळावर ठेवून आमच्या ओसरीवर झोपल्या, डबा उशाशी घेऊन.

दादा म्हणतो ती चटणी त्यानं कुटली. गेली वीस-पंचवीस वर्षं प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला तो ही गोष्ट सांगतो आणि प्रत्येक वेळी मुसळ त्याच्या हातात असतं. पोरं टाळ्या वाजवतात. मला एकदा वहिनींनी सर्वांसमोर विचारलं, "तुम्ही कुठं होता हो भावजी?" मी कंदील धरून उभा होतो. पण ते जाऊ दे.

खरा वाद पल्व्हरायझरचा, म्हणजे मिरची दळायच्या यंत्राचा. दादा नोकरीला लागल्यापासून आबांच्या मागं लागलेला, डंक काढा, पल्व्हरायझर बसवा, दिवसाचं काम तासात होतंय. आबांचं एकच उत्तर, "त्यात चटणी जळती." आणि माझं मत विचाराल तर आबांचं शंभर टक्के बरोबर होतं. गरगर फिरणाऱ्या यंत्रात मिरची तापते, वास तिथंच उडून जातो आणि रंग काळपट येतो. डंकात ठोक्याठोक्याला मिरचीला दम मिळतो, खोबऱ्या-तिळाचं तेल हळूहळू सुटून तिखटात मुरतं. पीठ आणि चटणी ह्यात फरक असतो. ज्याला तो कळत नाही त्यानं खुशाल पाकीट आणावं.

आबा २०११ साली गेले. वर्षाच्या आत डंक निघाला. मुसळं भंगारवाल्यानं किलोवर नेली. आता तिथं मोबाईलची कव्हरं मिळतात.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळलं. शाहू महाराजांनी १९१५ साली उभं केलेलं, आधीचं पॅलेस थिएटर. आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. आकाश तांबडं झालेलं, राख आमच्या गच्चीवर पडत होती, खासबागेच्या बाजूनं माणसं नुसती उभी. दादाचा कोथरूडहून फोन आला. रडत होता. "आपलं कोल्हापूर गेलं रे," म्हणाला. मीही रडलो, खोटं कशाला सांगू. पण फोन ठेवल्यावर डोक्यात एकच आलं, मुसळं भंगारात घातली त्या दिवशी हा जेवून वामकुक्षी घेत होता. आता रोज सकाळी जुन्या कोल्हापूरचे फोटो पाठवतो. बिंदू चौक, टांगे, भवानी मंडप. एकदा तर कुठल्यातरी डंकाचाच फोटो पाठवला, खाली लिहिलं, 'गेले ते दिवस.' मी उत्तर दिलं नाही. इथं देतोय.

आता एवढं बोललोच आहे तर हेही सांगायला पाहिजे की आबांना शेवटची सहा-सात वर्षं खोकला होता. रात्ररात्र बसून काढायचे. तिखटाची धूळ चाळीस वर्षं छातीत गेलेली. त्यांना पुण्याला नेऊन डॉक्टरांना दाखवलं ते दादानं, औषधांचे पैसे भरले ते त्यानं. मी इचलकरंजीत नोकरीला होतो, रविवारी यायचो आणि 'डंक काढू नका' म्हणून सांगून संध्याकाळच्या एस्टीनं जायचो. डंकावर बसायची माझीही तयारी नव्हती. शाळेत माझ्या शेजारी बसणारा पोरगा माझ्या दप्तराला वास येतो म्हणून बाक बदलून गेला होता, ते मी विसरलेलो नाही. आणि गेली दोन वर्षं आमच्या घरची चटणीही पल्व्हरायझरवरूनच येते. डंकावर नंबर लावून दिवसभर बसायला कुणाला वेळ आहे? फरक मला कळतो. बहुतेक.

तुमच्या प्रश्नाचं राहिलंच. गंगावेशीत दूध कट्ट्यावर जा, म्हशी उभ्या करून समोर धार काढून देतात, ग्लास तोंडाला लावला की फेस मिशीला लागतो. खासबागचं कुस्ती मैदान १९१२ चं, नुसतं आत जाऊन पायऱ्यांवर बसून या. गुजरीत, म्हणजे सोन्या-चांदीच्या पेठेत, घ्यायचं नसलं तरी एक फेरी मारा. चप्पल लाईन तुम्हाला कुणीही दाखवेल. चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, गुळाला त्याच्याही आधी. डंकाला कोण देतंय? पण पेठांत अजून आहेत. आत्ता नाही कळायचं, मार्च-एप्रिलमध्ये बाहेर पडा आणि नाकानं शोधा. देठ घरून मोडून न्या, मिरचीला दोन दिवस कडक ऊन दाखवा, लसूण वेगळा ठेवा आणि कुटून होईपर्यंत तिथून उठू नका. डंकवाल्याशी भावाची घासाघीस करू नका.

आणि दादा, तू हे वाचणार, मला माहीत आहे. मुसळ मावशींच्या हातात होतं. तू पैलवानांच्या आधीच नळावर होतास. आईला विचार.