फ्रॅक्टलची आवड आहे, पण प्रवेश कुठे घ्यायचा?

प्रश्न: मी गणिताच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. फ्रॅक्टल भूमितीने, म्हणजे लहान भागातही अख्ख्यासारखीच गुंतागुंत दिसणाऱ्या आकारांच्या भूमितीने, मला अक्षरशः झपाटून टाकलंय. प्रोग्राम लिहून मी अनेक फ्रॅक्टल काढले आहेत. ही भूमिती निसर्गविज्ञानात वापरायची माझी इच्छा आहे, पण या नावाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम कुठे दिसत नाही. घरचे म्हणतात, ही नुसती चित्रं आहेत, यावर पोट भरणार नाही. मी गणितातच राहू की भौतिकशास्त्राकडे किंवा भूशास्त्राकडे वळू? जीवशास्त्र शाळेनंतर सुटलंय, ते आड येईल का?

उत्तर: अभ्यासक्रम सापडत नाही, यात तुझ्या शोधण्यात काही कमी पडलेलं नाही. फ्रॅक्टल भूमिती हे मोजण्याचं साधन आहे आणि साधनाच्या नावाने सहसा विभाग नसतात, नोकऱ्याही निघत नाहीत. विभाग असतात जलविज्ञानाचे, भूकंपशास्त्राचे, वातावरणविज्ञानाचे. म्हणून माझा सल्ला असा, की आधी निसर्गातली एक वस्तू निवड. नदी, ढग, खडकातली भेग, रक्तवाहिनी, जी तुला मनापासून आवडेल ती. मग त्या वस्तूचं शास्त्र जिथे शिकवतात तिथे प्रवेश घे. भूमिती तुझ्या हातात आहेच.

हा विषय जन्मला तोही असाच. लुईस फ्राय रिचर्डसन हा ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञ युद्धांची कारणं शोधताना देशांच्या सामाईक सीमांची लांबी तपासत होता. स्पेन आणि पोर्तुगाल यांच्यामधली सीमा एका नोंदीत ९८७ किलोमीटर, तर दुसरीत १,२१४. मोजपट्टी जितकी लहान, तितकी जास्त वळणं तिच्यात सापडतात आणि लांबी वाढत जाते. गणितज्ञ बेन्वा मँडेलब्रॉटने १९६७ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात रिचर्डसनचेच आकडे घेऊन दाखवलं, की किनारा किती लांब हे विचारण्यापेक्षा पट्टी लहान करताना लांबी कोणत्या दराने वाढते, हे विचारणं जास्त उपयोगाचं. या दरावरून 'मिती' काढतात: सरळ रेषेची मिती १, सपाट पृष्ठाची २, आणि रेषा जितकी वळणदार तितकी तिची मिती १ च्या वर. ब्रिटनच्या पश्चिम किनाऱ्याची मिती १.२५ निघाली, दक्षिण आफ्रिकेच्या सरळसोट किनाऱ्याची १.०२. 'फ्रॅक्टल' हे नाव पडायला त्यानंतर १९७५ साल उजाडावं लागलं.

आता घरच्यांच्या शंकेकडे येते. त्यांना काजळीचं उदाहरण सांग. जळणातून निघालेले कार्बनचे सूक्ष्म कण हवेत एकमेकांना चिकटतात आणि त्यांचे विरळ, फांद्या फुटलेले पुंजके बनतात. या पुंजक्यांची मिती साधारण १.८ असते. म्हणजे पुंजक्याची रुंदी दुप्पट झाली, तर त्यातले कण भरीव गोळीसारखे आठपट न होता जेमतेम साडेतीनपट होतात. असा पोकळ पुंजका तेवढ्याच वजनाच्या भरीव गोळीपेक्षा सावकाश खाली बसतो, प्रकाशही वेगळ्या रीतीने शोषतो आणि विखुरतो. काजळी हवेत किती वेळ राहील, हवा किती तापवेल याचं गणित मांडणाऱ्याला हा १.८ आकडा लागतोच. हे काम करणाऱ्या प्रयोगशाळा आहेत, तिथे माणसं पगारावर काम करतात. त्यांच्या हुद्द्यात 'फ्रॅक्टल' हा शब्द मात्र बहुधा नसतो. तुझ्याही हुद्द्यात नसेल, याची मनाची तयारी आत्ताच कर.

तू काढलेले फ्रॅक्टल सूत्रातून आलेले आहेत, कितीही मोठे करून पाहिले तरी तपशील संपत नाही. निसर्गात तसं नसतं. फुप्फुसातली श्वासनलिका सुमारे २३ वेळा दुभागते आणि थांबते. ढग, नदी, भेग, सगळ्यांना वरची आणि खालची मर्यादा असते. त्या दोन मर्यादांच्या मध्ये किती जागा उरते, हा या क्षेत्रातला सगळ्यात नाजूक प्रश्न आहे आणि तू इथे कच्ची राहू नयेस असं मला फार वाटतं. १९९८ मध्ये रसायनशास्त्रज्ञ डेव्हिड अवनीर आणि सहकाऱ्यांनी 'फिजिकल रिव्ह्यू'च्या नियतकालिकांमधले, प्रयोगात फ्रॅक्टल सापडल्याचं सांगणारे निबंध तपासले. लेखकांनी ज्या पल्ल्यावर मिती काढली होती, तो सरासरी १.३ दशकांचा (इथे एक दशक म्हणजे दहापट) भरला. म्हणजे सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या मापात जेमतेम वीसपट फरक. एवढ्याशा पल्ल्यात लॉग-लॉग आलेखावर (दोन्ही अक्षांवर आकड्यांचे लॉगॅरिदम घेतलेल्या) पुष्कळ गोष्टी सरळ रेषेसारख्या दिसतात.

म्हणून या वर्षीचा प्रकल्प मोजणीचाच घे. आधी कॉख वक्र काढ. त्यात प्रत्येक पायरीला एक-तृतीयांश लांबीचे चार तुकडे होतात, म्हणून त्याची मिती ४ चा लॉग भागिले ३ चा लॉग, म्हणजे १.२६२ येते. त्याच्या चित्रावर चौकटींची जाळी टाक, वक्र किती चौकटींतून जातो ते मोज, चौकट निम्मी कर, पुन्हा मोज. लॉग-लॉग आलेखाच्या उतारावरून तुझा प्रोग्राम १.२६२ च्या जवळ पोचतो का ते बघ. तो पोचेपर्यंत निसर्गातल्या चित्राला हात लावू नकोस. नंतर डोळ्यातल्या दृष्टिपटलावरच्या रक्तवाहिन्यांचं एखादं खुलं उपलब्ध छायाचित्र घे. ते निव्वळ काळ्या-पांढऱ्यात बदलताना किती गडद ठिपका काळा धरायचा, याची कुठलीतरी सीमारेषा ठरवावी लागते. ती किंचित सरकव, बारीक वाहिन्या गायब होतील आणि मिती बदलेल. जाळी थोडी बाजूला सरकव, पुन्हा बदलेल. आलेखावरचे सगळे बिंदू एकाच चित्रातून आलेले, एकमेकांवर अवलंबून असतात, त्यामुळे सॉफ्टवेअर जी त्रुटी छापतं ती खऱ्यापेक्षा लहान असते. हे सगळे बदल करून उत्तर किती हलतं, ते अहवालात लिही. हे भान आणणारं प्रशिक्षण सांख्यिकीत मिळतं, म्हणून पुढे कुठेही गेलीस तरी सांख्यिकीचे दोन पेपर घेच.

दृष्टिपटलाच्या वाहिन्यांची मिती १.७ च्या आसपास येते. १९८१ मध्ये विटन आणि सँडर या भौतिकशास्त्रज्ञांनी मांडलेल्या प्रतिमानात (मॉडेलमध्ये) भरकटणारे कण एकेक करून पुंजक्याला चिकटतात. त्याची द्विमितीय मिती १.७१. दोन आकडे जुळले, की दोन्हींच्या वाढीचं कारण एकच असं म्हणायचा मोह होतो. गणिताच्या विद्यार्थ्यांना तो जास्तच होतो. पण मिती हा एकच आकडा आहे आणि अगदी वेगळ्या प्रक्रियाही तिथे पोचू शकतात. वाहिनी कशी वाढते हे सांगायला शरीरशास्त्र लागतं, नदी का वळते हे सांगायला गाळ आणि उतार समजावे लागतात. वस्तू आधी निवड म्हटलं, ते याच कारणासाठी.

गणित की भौतिकशास्त्र की भूशास्त्र? हाउसडॉर्फ मितीचे (मितीच्या काटेकोर गणिती व्याख्येचे) सिद्धांत सिद्ध करण्यात तुला रस असेल तर गणितात राहा. ती वाट चांगली आहे, पण ती निसर्गविज्ञानात जात नाही. तुझ्या पत्रावरून मला तरी तुझा ओढा मोजण्याकडे दिसतो. तसं असेल तर भूरूपशास्त्र (जमिनीच्या आकारांचं शास्त्र) आणि जलविज्ञान माझ्या मते तुला सर्वांत सोयीचं. उपग्रहांनी आणि अंतराळयानांनी मोजलेल्या उंचीची आकडेवारी मोफत मिळते, प्रयोगशाळा लागत नाही, तुझं प्रोग्रामिंग पहिल्या दिवसापासून उपयोगी पडतं. शिवाय प्रश्न अजून जिवंत आहेत. भूशास्त्रज्ञ जॉन हॅकने १९५७ मध्ये दाखवलं, की नदीची लांबी खोऱ्याच्या क्षेत्रफळाच्या सुमारे ०.६ घाताने वाढते. सगळी खोरी एकाच घडणीची असती तर हा घात ०.५ आला असता. वरचा ०.१ खोरी लांबट होत जातात म्हणून येतो, की प्रवाह नागमोडी असतो म्हणून, यावर अभ्यासक आजही भांडतात. वातावरणविज्ञानातही वाव आहे, पण तिथे द्रवगतिकी पक्की हवी. भौतिकशास्त्राला जायचं तर सांख्यिकीय भौतिकीचा (असंख्य कणांच्या एकत्रित वागण्याच्या अभ्यासाचा) मार्गदर्शक आहे का, एवढं आधी पाहा.

मार्गदर्शक निवडताना त्यांच्या निबंधांची शीर्षकं बाजूला ठेव आणि त्यांनी कशाचं मोजमाप केलंय ते वाच. त्यांना पत्र पाठवताना प्रकल्पाचा दोन पानी गोषवारा, आलेख आणि कोड जोड.

जीवशास्त्राचं म्हणशील, तर नदी किंवा ढग निवडलास तर त्याची गरजच नाही. रक्तवाहिन्या किंवा हाडांच्या प्रतिमा निवडल्यास, तर पदवीच्या पहिल्या वर्षाचं शरीरक्रियाविज्ञान आणि शरीररचनाशास्त्र सुट्टीत वाचून काढ आणि डॉक्टर किंवा जीवशास्त्रज्ञ सहमार्गदर्शक असलेलाच गट शोध. तसा गट मिळत नसेल तर त्या वर्षी तो विषय घेऊ नकोस.